जुना सीडी प्लेअर आणि तानपुऱ्याचा खर्ज

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागातील अनेक मराठी घरांत शास्त्रीय गायनाच्या आणि नाट्यसंगीताच्या सीडी आजही जपून ठेवलेल्या आहेत. कुमार गंधर्वांचा जन्म १९२४ साली बेळगावजवळच्या सुळेभावीचा, त्यामुळे त्यांच्या ध्वनिमुद्रणांविषयी इथल्या रसिकांना विशेष जिव्हाळा वाटतो. वीस-पंचवीस वर्षे वापरलेल्या प्लेअरचा आवाज पोकळ वाटू लागला, की आतले सुटे भाग बदलून तो सुधारेल का, असा प्रश्न पडतो. तो सुधारतो, मात्र आधी कोणता भाग बदलायचा हे नीट समजून घ्यायला हवे.

सीडीवर प्रत्येक चॅनेलसाठी सेकंदाला ४४,१०० नमुने असतात आणि प्रत्येक नमुना १६ बिटांचा असतो. ओरखड्यामुळे सुमारे अडीच मिलिमीटरपर्यंतची सलग माहिती वाचता आली नाही, तरी ती पूर्ववत मिळवण्याची सोय सांकेतिक रचनेतच आहे. त्यामुळे लेसरचे भिंग धुळीने माखले, तर आवाज अडखळतो, पोकळ होत नाही. पोकळपणाचे मूळ बहुधा पुढे, आकड्यांचे विद्युतसंकेतात रूपांतर झाल्यानंतरच्या भागात असते.

तिथे पहिला संशयित म्हणजे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, म्हणजे विद्युतभार साठवणारा सुटा भाग, आपल्या रेडिओ मेकॅनिकांचा कंडेन्सर. त्यातील द्रव वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आटत जातो, धारकता (मायक्रोफॅरडमध्ये मोजली जाणारी साठवण्याची क्षमता) घटते आणि अंतर्गत रोध वाढतो. आउटपुटला १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असेल आणि अँप्लिफायरचा इनपुट रोध १० किलोओहम असेल, तर केवळ १.६ हर्ट्झच्या खालचे स्वर अडतात, म्हणजे कानाला काहीच उणे भासत नाही. तोच कपॅसिटर पार वाळून ०.२ मायक्रोफॅरडवर आला, की ही मर्यादा ८० हर्ट्झपर्यंत चढते. काळी एकच्या पुरुषी तानपुऱ्याच्या खर्जाचे मूळ कंपन सुमारे ६९ हर्ट्झचे. ते आता जेमतेम दोन तृतीयांश उरते. वीजपुरवठ्यातील मोठा कपॅसिटर वाळला, तर १०० हर्ट्झची घरघर आवाजात मिसळते आणि नेमक्या हळुवार जागा तिच्याखाली झाकल्या जातात.

म्हणून पैसे आधी इथे खर्च करावेत. नवा कपॅसिटर १०५ अंश सेल्सियसपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेला घ्यावा, व्होल्टेज मूळ भागाइतके किंवा थोडे जास्त असावे आणि ऋण बाजूची पट्टी पाहूनच डाग द्यावा. प्लेअर उघडण्यापूर्वी प्लग काढणे आणि चालू लेसरकडे न पाहणे, हे दोन्ही नियम कटाक्षाने पाळावेत.

ऑप-अँप, म्हणजे आउटपुटचा संकेत वाढवणारी छोटी चिप, बदलण्याचे आकर्षण मोठे असते. जुन्या ४५५८ क्रमांकाच्या चिपच्या जागी ५५३२ बसवल्यास खरखर आणि विकृती मोजमापात कमी होते, पण ऐकताना फरक सूक्ष्मच असतो. त्याहून वेगवान चिप बसवायची असेल, तर तिच्या पायांलगत ०.१ मायक्रोफॅरडचे सिरॅमिक कपॅसिटर हवेतच. अन्यथा ती कानाला न ऐकू येणाऱ्या वारंवारतेवर स्वतःच दोलायमान होते, तापते आणि होता तो आवाजही बिघडवते. महागडा क्लॉक, म्हणजे नमुन्यांची लय सांभाळणारा भाग, बसवण्याची शिफारसही अनेकदा केली जाते, पण १६.९३४४ मेगाहर्ट्झचा मूळ स्फटिक सुस्थितीत असेल, तर माझ्या मते तो जिथे आहे तिथेच राहू द्यावा.