ठराव ग्रामसभेत, मत चिन्हाला : कोकणात हिरवा पक्ष का उभा राहिला नाही

स्टरलाइट, एन्रॉन, रायगडचं सेझ, जैतापूर, कळण्याची खाण, नाणार, बारसू, वाढवण. गेल्या तीस-पस्तीस वर्षांतली ही नावं डहाणूपासून दोडामार्गापर्यंत कुठल्याही एसटी स्टँडवर घेतली, तरी ऐकणाऱ्याला पुढचं सांगावं लागत नाही. प्रत्येक नावामागे एक समिती आहे. कुठे संघर्ष समिती, कुठे कृती समिती, कुठे बचाव समिती. लेटरहेड छापलं, शिक्का केला, तहसीलदाराला निवेदन दिलं, मोर्चा काढला, लाठ्या खाल्ल्या. यातल्या एकाही समितीचा पक्ष मात्र झाला नाही. निवडणूक आली की हीच माणसं जुन्या चिन्हांमध्ये वाटली जातात. याचा दोष लोकांच्या भोळेपणावर ढकलणं सोपं आहे. मला ते पटत नाही. कारणं इतिहासात आहेत आणि काही तर चक्क निवडणुकीच्या गणितात आहेत.

आधी बाहेरची दोन उदाहरणं. जगातला पहिला हिरवा पक्ष म्हणून ज्याचं नाव घेतलं जातं तो 'युनायटेड टास्मानिया ग्रुप' मार्च १९७२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावर निघाला. कारण अगदी स्थानिक होतं. वीजप्रकल्पासाठी लेक पेडर हे सरोवर धरणाच्या पाण्याखाली जाणार होतं आणि मोठे दोन्ही पक्ष प्रकल्पाच्या बाजूने होते. त्या वर्षीच्या निवडणुकीत या गटाला सुमारे चार टक्के मतं पडली, जागा एकही नाही. सरोवर बुडालं, पण माणसं पांगली नाहीत. पुढे फ्रँकलिन नदीवरचं धरण १९८३ मध्ये रोखलं गेलं, त्या लढ्याला त्यातूनच बळ मिळालं. जर्मनीतही अणुभट्टीविरोधी नागरिक गटांच्या जाळ्यातून १९८० मध्ये ग्रीन पक्ष झाला आणि तीन वर्षांत राष्ट्रीय संसदेत पोचला. दोन्हीकडे गावपातळीवरच्या लोकांना कळून चुकलं होतं की आपलं म्हणणं मांडणारा एकही मोठा पक्ष उरलेला नाही. कोकणात ही वेळ कधी आलीच नाही. इथे विरोधाची जागा घ्यायला कुठला ना कुठला पक्ष कायम तयार असतो.

लढ्यातून पक्ष वाढण्याचा अनुभव कोकणाला अगदीच नाही असंही नाही. अलिबाग तालुक्यातल्या चरी गावचा खोतांविरुद्धचा संप १९३३ ते १९३९ असा सहा वर्षं चालला. कुळांनी जमीन कसायचीच सोडली, नारायण नागू पाटलांनी नेतृत्व केलं, डॉ. आंबेडकरांनी पाठिंबा दिला. त्या मशागतीवर पुढे कुलाबा (आजच्या रायगड) जिल्ह्यात शेतकरी कामगार पक्ष (शेकाप) रुजला. जानेवारी १९८४ मध्ये सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध जासई-नवघरला पाच शेतकरी गोळीबारात गेले, तेव्हा दि. बा. पाटील आणि शेकाप पुढे होते. साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना त्या रक्तातून आली. पेण-उरण-पनवेलच्या महामुंबई सेझवेळी (विशेष आर्थिक क्षेत्रावेळी) एन. डी. पाटलांसारखा नेता मैदानात होता. २१ सप्टेंबर २००८ रोजी हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत सरकारला शेतकऱ्यांचं मत अजमावावं लागलं, ही देशात दुर्मिळ गोष्ट होती. शेकापचा विषय मात्र कायम जमीन आणि मोबदला हाच राहिला. खाडी, कांदळवन, मासळी हे त्यात ओघाने आलं. आज तर तो आधारही हलला आहे : २०१९ आणि २०२४ या दोन्ही विधानसभांत रायगडमधून शेकापचा एकही आमदार आला नाही.

रत्नागिरी-सिंधुदुर्गाची वाट वेगळी. राजापूर लोकसभा मतदारसंघाने १९५७ पासून बॅ. नाथ पै आणि १९७१ पासून मधू दंडवते अशी तीन दशकांहून अधिक काळ समाजवादी माणसं दिल्लीला पाठवली. सभ्य, अभ्यासू, साध्या राहणीची. त्यांच्यामागे पक्षयंत्रणा मात्र विरळच होती, मत माणसाला पडायचं. १९९१ मध्ये दंडवते हरले आणि ती परंपरा ओसरली. जागा भरली ती शिवसेनेने, आणि तीही मुंबईमार्गे. लालबाग-परळच्या खोल्यांत राहणारा चाकरमानी तिथल्या शाखेत जायचा आणि गणपती-शिमग्याला गावी आला की शाखा सोबत आणायचा. गावाच्या मुंबई मंडळाने वर्गणी काढून देवळाचा सभामंडप बांधला, तशीच शाखाही बांधली. पुढे प्रकल्पविरोधी समित्यांनी हेच जाळं वापरलं : बैठक गावात, पण निधी, वकील आणि पत्रकार परिषद दादर-परळला. फक्त या जाळ्याला आधीच एका पक्षाचा रंग चढलेला होता.

पक्षाविना लढा जिंकता येतो, हे स्टरलाइटने शिकवलं. रत्नागिरीला येऊ घातलेल्या तांबे शुद्धीकरण कारखान्याविरुद्ध १९९३ च्या सुमारास आंबा बागायतदार, मच्छीमार, शहरातले व्यापारी असे सगळे एकत्र आले. सरकारला काम थांबवावं लागलं आणि कारखाना तमिळनाडूत तुतिकोरिनला गेला. तिथे मे २०१८ मध्ये पोलिस गोळीबारात १३ माणसं मेली, तेव्हा रत्नागिरीत अनेकांना नव्वदचं दशक आठवलं असेल.

पक्षावर विसंबलं की काय होतं, तो धडा एन्रॉनने दिला. गुहागर तालुक्यातल्या या वीजप्रकल्पाचा पहिला सामंजस्य करार १९९२ चा. पर्यावरणासाठीची जनसुनावणी कायद्याने सक्तीची झाली १९९७ मध्ये, म्हणजे अंजनवेल-वेलदूरच्या लोकांना 'तुमचं म्हणणं काय' असं विचारायची पद्धतच तेव्हा नव्हती. १९९५ च्या निवडणुकीत युतीने एन्रॉन अरबी समुद्रात बुडवायची भाषा केली, सत्ता मिळवली, ऑगस्टमध्ये प्रकल्प रद्दही केला. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला वाटाघाटी होऊन तोच प्रकल्प आणखी मोठा होऊन परत आला. ३ जून १९९७ ला पहाटे वेलदूरच्या कोळीवाड्यात पोलिस शिरले आणि बायकांना घराबाहेर ओढून मारहाण झाली, तेव्हा सरकार समुद्रात बुडवणाऱ्यांचंच होतं. मृणाल गोरे, मेधा पाटकर यांच्यासारखे बाहेरचे कार्यकर्ते पाठीशी उभे राहिले. स्थानिक सत्ताधारी पुढाऱ्यांची अडचण उघड दिसत होती. २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला तो महाग विजेमुळे, आंदोलनामुळे नव्हे.

कोकणातला सामान्य माणूस राजकारणात खरोखर उतरतो ती जागा ग्रामसभेची. ग्रामपंचायत निवडणूक महाराष्ट्रात पक्षचिन्हावर होत नाही. पॅनेल असतात, कुणाचं पॅनेल कुणाचं हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण कपबशी आणि छत्री या चिन्हांना विचारधारा नसते. त्यामुळे प्रकल्पाच्या प्रश्नावर इथे सेनेचा, भाजपचा, काँग्रेसचा माणूस एका सतरंजीवर बसू शकतो. १ मेच्या ग्रामसभेला गर्दी हमखास, कारण सुट्टीत चाकरमानी गावी असतो. गणसंख्या शंभर मतदारांची किंवा पंधरा टक्क्यांची, जी कमी असेल ती. ग्रामसेवक विषयपत्रिका वाचतो, 'ऐनवेळचे विषय' आले की मागून कुणीतरी उठतो, सूचक-अनुमोदक ठरतात, 'प्रकल्पास या गावाचा विरोध आहे' असा ठराव होतो. मग खरी लढाई सुरू होते ती प्रोसिडिंग बुकाची. ठराव त्याच दिवशी, सगळ्यांसमोर लिहून घेतला नाही तर पंधरा दिवसांनी मिळणाऱ्या नकलेत 'विरोध'च्या जागी 'चर्चा करण्यात आली' असं निघू शकतं. अनुभवी वाड्या म्हणून वही मिटू देत नाहीत. सह्या-अंगठे झाल्याशिवाय ग्रामसेवकाचा चहा येत नाही.

एवढं करून त्या ठरावाला वजन किती? एमआयडीसीचा १९६१ चा कायदा भूसंपादनासाठी ग्रामसभेची संमती मागत नाही. ठराव जनमत दाखवतो, कोर्टात जोडता येतो, वर्तमानपत्रात छापता येतो. अधिसूचना काढणारा अधिकारी त्याने बांधला जात नाही.

जैतापुरात आणखी एक फट दिसली. ९,९०० मेगावॅटच्या अणुप्रकल्पासाठी माडबन, मिठगवाणे, करेल, निवेली, वरिलवाडा या गावांची ९३८ हेक्टर जमीन लागत होती. बहुसंख्य खातेदारांनी सुरुवातीला धनादेश नाकारले, माणसं तुरुंगात गेली. खाडीपलीकडे साखरी नाट्याचे मच्छीमार, बहुतेक मुसलमान, तितक्याच हिरिरीने उतरले, कारण अणुभट्टीचं गरम पाणी त्यांच्या मासळीत सुटणार होतं. १८ एप्रिल २०११ च्या गोळीबारात गेलेला तरुण त्यांच्यातलाच. २०१३ मध्ये मोबदला हेक्टरी साडेबावीस लाखांवर गेला आणि सातबारावाल्यांनी एकेक करत पैसे उचलले. त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. जमीन कागदोपत्री गेलेलीच होती. समुद्राचा मात्र सातबारा नसतो. मच्छीमाराला धनादेश नाकारायची संधीही मिळाली नाही. एका समितीत दोन हितसंबंध असले की एक जण निकालात निघतो आणि दुसरा रस्त्यावर राहतो. पक्ष असता तर हे दोन्ही धरून ठेवायचं काम त्याला करावं लागलं असतं.

नाणार-बारसूची कथा ताजी आहे. मे २०१७ मध्ये तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी, म्हणजे रिफायनरीसाठी, भूसंपादनाची अधिसूचना निघाली तेव्हा उद्योग खातं शिवसेनेकडे होतं. 'एकच जिद्द, रिफायनरी रद्द' म्हणत राजापूर-देवगडची गावं उठली. एप्रिल २०१८ मध्ये नाणारच्या सभेत त्याच उद्योगमंत्र्यांनी अधिसूचना रद्द केल्याचं जाहीर केलं, आणि मुख्यमंत्री म्हणाले, तसा अधिकार मंत्र्याला नाही. लोकसभेची युती जुळली तेव्हा, मार्च २०१९ मध्ये, अधिसूचना खरोखर मागे घेतली गेली. जानेवारी २०२२ मध्ये मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी पंतप्रधानांना पत्र लिहून बारसूची जागा सुचवली. एप्रिल २०२३ मध्ये माती परीक्षणाला आलेल्या गाड्यांपुढे त्या तापल्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, बायका आडव्या झाल्या, आणि मे महिन्यात ठाकरे विरोधकांच्या भेटीला बारसूत पोचले. याच सड्यावरची कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत. इथल्या मतदाराने कुणाला मत दिलं असतं तर ते वाया गेलं नसतं, याचं उत्तर मला तरी सापडत नाही.

पक्ष नको म्हणून काहींनी कोर्टाची वाट धरली. डहाणू तालुका १९९१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर झाला, सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १९९६ मध्ये प्राधिकरण बसलं आणि त्याने १९९८ मध्ये वाढवण बंदर अडवलं. २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने परवानगी दिली, ऑगस्ट २०२४ मध्ये भूमिपूजन झालं. प्राधिकरणावर माणसं सरकार नेमतं, ही गोष्ट पंचवीस वर्षं कुणी फारशी मनावर घेतली नव्हती. सिंधुदुर्गात पश्चिम घाटासाठीच्या गाडगीळ समितीच्या काळात गावांनी ग्रामसभेत ठराव करून 'आम्हाला संवेदनशील क्षेत्रात घ्या' असं स्वतःहून कळवलं. त्याला न्याय उच्च न्यायालयातून मार्च २०२४ मध्ये मिळू लागला.

आता गणित. पक्ष नोंदवायला शंभर मतदार सदस्य पुरतात. एका मोठ्या वाडीत भागेल. राज्य पक्ष म्हणून मान्यता आणि राखीव चिन्ह मिळवायचं तर विधानसभेला सहा टक्के मतं नि दोन आमदार, किंवा तीन टक्के जागा, अशा अटी आहेत. रत्नागिरी-सिंधुदुर्गात मिळून विधानसभेच्या जागा आठ. २८८ चे तीन टक्के होतात नऊ. म्हणजे दोन्ही जिल्ह्यांतल्या झाडून सगळ्या जागा जिंकल्या तरी त्या अटीला एक जागा कमीच पडते, आणि राज्याच्या सहा टक्के मतं तर इथल्या सगळ्या मतदारांनी मिळूनही होत नाहीत. शेजारच्या गोव्यात चाळीसच जागा, मतदारसंघ छोटे. तिथे प्रादेशिक आराखड्याविरुद्धच्या 'गोवा बचाव अभियाना'ने २००७ च्या जानेवारीत आराखडा रद्द करवला, आणि त्याच वर्षी 'सेव्ह गोवा फ्रंट' नावाच्या नव्या पक्षाचे दोन आमदार आले. तो पक्ष चळवळीचा नव्हता, जुन्याच पुढाऱ्याचा होता आणि लवकरच काँग्रेसमध्ये मिसळला, हे खरं. पण छोट्या राज्यात दारं किती खाली असतात ते त्यावरून दिसतं.

आपल्याकडे पहिलं उघडू शकणारं दार जिल्हा परिषदेच्या गटाचं आहे. तिथे मुक्त चिन्हावर उभं राहता येतं, आणि चार-सहा ग्रामपंचायतींनी एकमुखी ठराव केलेला असेल तर मतंही आवाक्यात असतात. अडचण उमेदवाराची आहे. पोलिसांच्या गाडीपुढे सगळ्यांच्या आधी बसणारा माणूस बहुधा कुठल्या ना कुठल्या पक्षाचा विभागप्रमुख किंवा त्याचा चुलतभाऊ असतो. आणि वाडीच्या रस्त्याचं डांबरीकरण, साकवाची दुरुस्ती, मुलाची बदली या कामांसाठी पुढची पाच वर्षं त्याला त्याच पक्षाच्या आमदाराकडे जायचं असतं.