जमिनीत सांडलेले डिझेल आणि बायोडिझेल : आमच्या ग्राहक कास्तकारांसाठी माहिती

इंजिन किंवा थ्रेशर आमच्याकडे दुरुस्तीला येते तेव्हा टाकीच्या कॉकची गळती बहुधा महिनोन्‌महिन्यांची असते. सेकंदाला एक थेंब गळत असला, तरी दिवसरात्रीत सुमारे 2 लिटर डिझेल जाते, आणि इंजिन विहिरीच्या काठावर एकाच जागी बसवलेले असल्याने ते सगळे हातभर मातीत मुरते. पैशाचे नुकसान लगेच ध्यानात येते, मातीचे मात्र हंगाम गेल्यावर कळते, म्हणून हे पत्रक देत आहोत.

डिझेल मातीच्या कणांवर तेलकट थर धरते. आमच्या आवारात पूर्वी ड्रम ठेवत असू त्या जागी लोटाभर पाणी ओतले, तर ते मुरत नसे. गोल थेंब होऊन धुळीवरून उताराकडे घरंगळत असे. त्या पावसाळ्यात तिथे गाजरगवतसुद्धा उगवले नाही, आणि पुढच्या वर्षी जे उगवले ते पिवळे होते. पिवळेपणाचे कारण कास्तकारांच्या ओळखीचेच आहे. कच्चे कुटार जमिनीत गाडले की ते कुजवणारे जिवाणू मातीतला नत्र स्वतःसाठी ओढून घेतात आणि पीक काही दिवस पिवळे पडते. डिझेल कुजतानाही तेच घडते, फक्त फार जास्त काळ. शिवाय 1 लिटर डिझेल पूर्ण कुजायला सुमारे 10 घनमीटर हवेतला प्राणवायू लागतो. पावसाळ्यात चिबडलेल्या काळ्या मातीत तो मिळत नाही, म्हणून कुजण्याचे काम जवळपास थांबते.

आपल्याकडच्या काळ्या जमिनीला उन्हाळ्यात खोल भेगा पडतात, ही आम्हाला सर्वांत काळजीची बाब वाटते. चैत्र-वैशाखात सांडलेले डिझेल वरच्या मातीत न थांबता भेगांतून थेट मुरमापर्यंत आणि खालच्या फुटक्या काळ्या पाषाणात उतरते. पाण्यापेक्षा हलके असल्याने ते पुढे विहिरीच्या पाण्यावर रंगीत तवंग होऊन दिसते. तवंग दिसल्यास ते पाणी माणसांना आणि जनावरांना पिण्यासाठी देऊ नये.

बायोडिझेल करंजासारख्या बियांच्या किंवा वापरलेल्या खाद्यतेलापासून तयार होते, त्यामुळे ते सांडले तरी खतच होते, असा समज आहे. त्यात अर्धेच तथ्य आहे. पाण्यातील प्रयोगशाळा चाचण्यांत ते डिझेलच्या सुमारे चौपट वेगाने विघटित झाले, हे खरे; परंतु हा वेगच सुरुवातीला मातीतला नत्र आणि प्राणवायू झपाट्याने संपवतो, आणि त्या काळात पेरलेले बी नीट उगवत नाही. राष्ट्रीय जैवइंधन धोरण 2018 मध्ये 2030 पर्यंत डिझेलमध्ये 5 टक्के बायोडिझेल मिसळण्याचे उद्दिष्ट आहे. अशा मिश्रणाच्या 100 लिटरमध्ये 95 लिटर डिझेलच असते, तेव्हा ते सांडल्यास डिझेल सांडले असेच समजावे. शुद्ध किंवा जास्त प्रमाणातले बायोडिझेल वापरणाऱ्यांच्या जुन्या रबरी नळ्या मऊ होऊन फुगतात आणि नवी गळती सुरू होते, म्हणून त्या आधीच तपासून घ्याव्यात.

इंधन सांडल्यास त्यावर पाणी किंवा साबण ओतू नये, कारण त्याने ते पसरते. लगेच कोरडे कुटार किंवा लाकडाचा भुसा टाकून ते शोषून घ्यावे, जवळ विडी-काडी पेटवू नये, आणि ते कुटार जनावरांच्या तोंडी लागणार नाही असे ठेवावे. भिजलेली माती खोदून विहिरीपासून दूर, ताडपत्रीवर वीतभर थरात पसरावी, तिच्यात कुजलेले शेणखत आणि थोडा युरिया मिसळावा, ओलावा टिकवून दर आठ-दहा दिवसांनी खालीवर करावी आणि पावसात झाकावी. वास जाऊन पाणी सहज मुरेपर्यंत, म्हणजे काही महिने, ती वावरात परत टाकू नये.

इंजिनखाली एक घमेले कायम ठेवा. दोन दिवसांत त्यात तेल दिसले, तर पेरणीची गडबड सुरू होण्याआधी कॉक आणि नळी आमच्याकडे दाखवून घ्या.