खान्देशचं पाणी किती युनिटांना पडतं?

एप्रिल उजाडला की खान्देशातल्या वर्तमानपत्रांत दोन बातम्या ठरलेल्या असतात. भुसावळ-जळगावचा पारा 45 अंशांच्या वर गेल्याची बातमी पहिल्या पानावर. आतल्या पानावर दुसरी: वीजबिल थकल्यामुळे अमुक पाणीयोजनेची वीज तोडली, इतक्या गावांचे हाल. मग पारावर दोन तट पडतात. एक तट पालिकेला शिव्या घालतो, दुसरा महावितरणला. मुळात बिल एवढं आलं कसं, हा प्रश्न मात्र दोन्हीकडचं कुणीच विचारत नाही. ते बिल बरोबर आहे की फुगलेलं, हे शाळेतल्या भौतिकशास्त्रावर तपासता येतं.

पाणी उचलायला कमीत कमी किती वीज लागेल, हे गुरुत्वाकर्षणाने आधीच ठरवून टाकलंय. वस्तुमान गुणिले गुरुत्व त्वरण गुणिले उंची, एवढंच ते गणित. 10 लाख लिटर पाणी म्हणजे 10 लाख किलो. ते 1 मीटर वर न्यायला 98 लाख 10 हजार ज्यूल ऊर्जा लागते. विजेचं 1 युनिट म्हणजे 36 लाख ज्यूल. भागाकार केला की उत्तर येतं 2.725. म्हणजे 10 लाख लिटर पाणी 1 मीटर उचलायला पावणेतीन युनिटांपेक्षा जरा कमी. पाणीपुरवठ्याची माणसं एमएलडीत, म्हणजे दिवसाला किती दशलक्ष लिटर या हिशेबात बोलतात; त्यातला एक एमएल (दशलक्ष लिटर) तो हाच. जगातला कुठलाही पंप, कितीही भारी कंपनीचा असो, या आकड्याच्या खाली जाऊ शकत नाही. त्याच्या वर किती जायचं, ते मात्र आपल्या हातात असतं.

एक लाख वस्तीचं गाव घ्या. माणशी रोज 135 लिटर धरले तर दिवसाला 1 कोटी 35 लाख लिटर. एकूण चढ 100 मीटर समजा. निसर्गाचा हिशेब: 13.5 गुणिले 100 गुणिले 2.725, म्हणजे सुमारे 3,680 युनिट. चांगला पंप 70 टक्के आणि चांगली मोटर 90 टक्के कार्यक्षमतेने चालली, तर दोघांची मिळून 63 टक्के होते आणि खर्च 5,840 युनिटांवर जातो. आता इंपेलर (पंपातलं पाणी ढकलणारं चाक) झिजलेला, पंप 45 टक्क्यांवर आलेला, मोटर दोन-तीनदा जळून रिवाइंड झालेली आणि 85 टक्क्यांवर घसरलेली, असं चित्र घ्या. खर्च 9,600 युनिटांच्या पुढे जातो. पाणी तेवढंच, नळाची धारही तीच. वर्षभराचा फरक साधारण 13 लाख 80 हजार युनिटांचा. युनिटला 8 रुपये धरले तरी 1 कोटी 10 लाख रुपये.

हे झालं पंप आणि मोटरचं. मला खरा रस आहे तो पाइपात.

पाणी पाइपातून वाहतं तेव्हा ते भिंतीला घासतं, आपसातही घुसळतं, आणि त्या घर्षणावर मात करायला पंपाला जास्तीची उंची चढल्यासारखं काम करावं लागतं. हे घर्षण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. वेग दुप्पट तर घर्षण चौपट. नदीपासून टाकीपर्यंत खरी चढण 60 मीटर आहे आणि रोज 16 तास पंपिंग करताना घर्षणाचे 10 मीटर लागतात, असं समजू. एकूण 70. आता तेवढंच पाणी 8 तासांत वर न्यायचं ठरवलं. प्रवाह दुप्पट, घर्षण 40 मीटर, एकूण 100. एक थेंबही जास्त न देता दर लिटरमागची वीज 43 टक्क्यांनी वाढली. आपल्याकडे पंप कमी तास आणि जोरात का चालवतात? दुसऱ्या पाळीला माणूस नसतो, फीडरवर व्होल्टेज टिकत नाही, आणि पंप मुळातच मोठा घेतलेला असतो. पहिली दोन कारणं समजण्यासारखी आहेत. तिसऱ्याकडे येतोच.

त्याआधी व्यासाची गोष्ट. प्रवाह तोच ठेवून व्यास कमी केला तर घर्षण व्यासाच्या पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात वाढतं. पाचव्या! जुन्या बिडाच्या पाइपात गंज आणि क्षार साचून आतला व्यास 10 टक्क्यांनी घटला, की 0.9 चा पाचवा घात 0.59 होतो आणि घर्षण 69 टक्क्यांनी वाढतं. आतली बाजू खडबडीत होते त्याचा हिशेब अजून केलेलाच नाही. बाहेरून बघणाऱ्याला पाइप जसाच्या तसा दिसतो.

आता मोठ्या पंपाची गोष्ट. योजना आखताना पंप पुढच्या 15 वर्षांच्या लोकसंख्येसाठी निवडतात आणि पाइपलाइन 30 वर्षांसाठी. इथपर्यंत ठीक. पण सल्लागार थोडी जास्तीची उंची धरतो, मंजुरी देणारा वर थोडी ठेवतो, पुरवठादार त्याहून एक माप मोठा पंप देतो. घरात चौघं आणि चुलीवर पंगतीचं पातेलं, अशी गत. मोठा पंप तसाच सोडला तर मोटरवर भार येऊन ट्रिप होते, म्हणून ऑपरेटर डिलिव्हरीचा, म्हणजे पंपातून बाहेर जाणाऱ्या पाइपावरचा स्लुइस व्हॉल्व्ह अर्धा बंद करून ठेवतो. तो अर्धा बंद व्हॉल्व्ह वर्षानुवर्षं तसाच राहतो. चाकावर रंगाचे थर चढतात.

व्हॉल्व्हच्या अलीकडे आणि पलीकडे एकेक प्रेशर गेज लावलं तर गंमत दिसते. अलीकडे 8 किलो, पलीकडे 6. दर सेंटीमीटर चौरसाला 1 किलो म्हणजे पाण्याची 10 मीटर उंची. म्हणजे 20 मीटर उचलण्याइतकी वीज त्या अर्ध्या उघड्या फटीत खळखळाट आणि उष्णता होऊन संपली. पण गेज चालू हवं ना! तापीकाठच्या एका पंपहाऊसमध्ये काचेवर वाफ धरलेलं गेज पाहिलं होतं. पंप दणदणत होता आणि काटा शून्यावर. व्हॉल्व्हमन अहिराणीत म्हणाला, ‘भाऊ, तो काटा कवयनाच मरेल शे.’ म्हणजे केव्हाचाच मेलाय. शेजारच्या लॉगबुकात मात्र दर तासाला प्रेशरची नोंद होती, सगळी एकाच शाईत, एकाच आकड्याची.

यावर उपाय फार महाग नाही. पंप उघडून इंपेलर लेथवर चढवायचा आणि व्यास थोडा उतरवायचा. ढोबळमानाने प्रवाह व्यासाच्या प्रमाणात कमी होतो, दाब वर्गाच्या आणि लागणारी शक्ती घनाच्या. मग व्हॉल्व्ह पूर्ण उघडा. किती उतरवायचं हे मोजल्याशिवाय ठरवता येत नाही. उतरवलेलं लोखंड परत चढवता येत नाही.

इथे कुणी तरी नक्की म्हणेल, इंपेलर कशाला कापता, व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारं उपकरण) बसवा, वेग कमी-जास्त करा, निम्मी वीज वाचेल. वेग 80 टक्के केला तर शक्ती 0.8 च्या घनाइतकी, म्हणजे 51 टक्के होते, हे गणित पत्रकात छापलेलं असतं आणि ते खोटंही नाही. पण ते सपाटीवरच्या, फक्त घर्षणाशी झुंजणाऱ्या पंपाचं आहे. आपल्या उदाहरणात 60 मीटरची खरी चढण आहे. पंपाचा व्हॉल्व्ह बंद असतानाचा कमाल दाब 85 मीटर धरा. दाब वेगाच्या वर्गाने उतरतो, म्हणून वेग 80 टक्के केला की तो 85 गुणिले 0.64, म्हणजे 54 मीटर होतो. टाकी 60 मीटरवर. मोटर फिरतेय, मीटर फिरतोय, आणि टाकीत एक तांब्याही पाणी पडत नाही. व्हीएफडी उपयोगी वस्तू आहे, पण चढण मोजल्याशिवाय ती विकत घेणं आणि नारळ हातावर उभा राहतो म्हणून तिथे बोअर मारणं यांत मला फरक दिसत नाही. पाणाड्याला निदान खर्च नारळाचा असतो. प्लगमध्ये खोचायचे ‘पॉवर सेव्हर’ डबे त्याच जातीचे. आत एक छोटा कपॅसिटर असतो, आणि घरगुती मीटर खरी वापरलेली ऊर्जा मोजत असल्यामुळे त्याने बिल कमी होत नाही.

तर मोजणं. इथे खान्देशची अडचण सुरू होते. पाइप न कापता प्रवाह मोजणारं अल्ट्रासॉनिक मीटर मिळतं. पाइपावर बाहेरून दोन सेन्सर पट्ट्याने बांधायचे. आवाज प्रवाहाच्या दिशेने जरा लवकर पोचतो, उलट्या दिशेने जरा उशिरा. फरक सेकंदाच्या एक दशलक्षांशाहूनही कमी असतो, आणि त्यावरून वेग काढता येतो. असं यंत्र, दोन चांगली गेज, मोटर किती वीज खाते ते मोजणारा एक पॉवर अॅनालायझर आणि ते वापरता येणारा माणूस एवढं जमलं की पंपहाऊसची कुंडली निघते. हे काम एका गावात वर्षातून दोन-चार दिवसांचं. यावल, फैजपूर, धरणगाव, तळोदा यांच्यासारख्या गावाने तेवढ्यासाठी यंत्र घ्यावं आणि अभियंता नेमावा, हे परवडणार नाही. पंधरा-वीस गावांनी मिळून घेतलं तर ते वर्षभर रिकामं राहणार नाही.

गमतीचा भाग असा की इतरांनी खान्देशला केव्हाच एक मानलंय. महावितरणच्या जळगाव परिमंडळात जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तिन्ही जिल्हे येतात. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचं कार्यक्षेत्रही हेच तीन जिल्हे. वीज विकणारा एक आणि शिकवणारा एक. बिल भरणारे तेवढे सुटे सुटे. भुसावळ आणि अमळनेर एकाच तापीतून पाणी उचलतात, पण एकाचं लॉगबुक दुसऱ्याने कधी उघडून पाहिलेलं नसतं.

कायद्याची आडकाठी नाही, उलट पाठबळच आहे. 74 व्या घटनादुरुस्तीने आलेलं कलम 243 झेडडी जिल्हा नियोजन समितीला सांगतं की पंचायती आणि नगरपालिकांच्या सामाईक हिताच्या गोष्टी विचारात घ्या, आणि त्यांत पाण्याची वाटणी, पायाभूत सुविधांचा एकत्रित विकास, पर्यावरणाचं जतन ही नावं स्पष्ट लिहिलेली आहेत. ऊर्जा संवर्धन कायदा 2001 चा. त्यासाठी राज्यात महाऊर्जा ही संस्था आहे. बाहेरचं उदाहरणच हवं असेल तर अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को उपसागराभोवतालच्या 9 काउंटींनी ऊर्जा बचतीसाठी एकत्र जाळं उभं केलं, त्याला तिथल्या नियामकाने 2012 मध्ये मान्यता दिली.

पण मला ते घरचंच आठवतं. पांझरेवरची फड पद्धत. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटाखाली फड म्हणजे शेतजमिनीचे गट, आणि कुठल्या फडात कोणतं पीक हे गावकऱ्यांनी मिळून ठरवायचं. पाणी मोजून देणारा पाटकरी सगळ्यांचा मिळून एक. ही रचना शेकडो वर्षांची, आणि पाणी चढाला न्यायचंच नाही, उतारानेच न्यायचं असल्यामुळे विजेचा खर्च शून्य. शेतकऱ्यांनी पाणी वाटायला जे केलं ते नगरपालिकांना वीज मोजायला करता येईल.

एकत्र येण्याचा मोह मात्र चुकीच्या जागी होऊ शकतो. एलईडी बल्बचं उदाहरण सगळ्यांच्या तोंडी असतं: देशभराची मागणी एकत्र करून खरेदी केली, आणि 2014 मध्ये 310 रुपयांच्या आसपास असलेला बल्ब 2016 पर्यंत 38 रुपयांवर आला. खरं आहे. पथदिव्यांना ते लागू पडतं. पण बल्ब चाळीसगावात आणि शहाद्यात सारखाच चालतो, पंप चालत नाही. प्रत्येक ठिकाणची चढण वेगळी, पाइप वेगळा. पंधरा गावांना एकाच निविदेत एकाच मापाचे पंप घेतले, तर पंधरा अर्धे बंद व्हॉल्व्ह तयार होतील. म्हणून मोजमाप एकत्र, निविदेचा मसुदा आणि अटी एकत्र, पंप ज्याचा त्याचा. सौर पॅनेल त्यानंतर. आधी पॅनेल आणि मग पंप असा क्रम लावला, तर अर्ध्या बंद व्हॉल्व्हमधल्या खळखळाटासाठी आपण पॅनेल विकत घेतो.

सुरुवात एका तक्त्याने करता येईल. प्रत्येक गावाने महिन्याला एकच आकडा काढायचा: 10 लाख लिटर 1 मीटर उचलायला किती युनिट पडले. उंची म्हणजे नदीची पातळी आणि टाकी यांतला फरक, घर्षण धरायचं नाही. मग पाइपातली उधळपट्टीही आपोआप आकड्यात उतरते. तापीची पातळी मे महिन्यात खाली जाते, म्हणून ती दर महिन्याला नोंदवायची. 4.5 च्या आसपास असेल तर उत्तम. 7 असेल तर पंप उघडा. 10 असेल तर व्हॉल्व्ह, पाइप, पंप सगळंच तपासा.

आणि पंप बदलण्याआधी हा आकडा निदान वर्षभराचा हाताशी हवा. बचतीतून पैसे घेणाऱ्या कंपनीशी करार करायचा तर बचत जिथून मोजायची ती आधाररेषा बिलाच्या रुपयांत बांधू नये. पाऊस चांगला झाला, गळती थांबली किंवा गावाने आठवड्यातून एकदाऐवजी दोनदा पाणी सोडलं, तर बिल पंपाशी संबंध नसताना वरखाली होतं, आणि पाच वर्षांनी कुणाचं किती वाचलं यावरून कोर्टकचेरी होते. युनिट प्रति दशलक्ष लिटर प्रति मीटर, असं करारात लिहावं. खालची मर्यादा 2.725 हीही लिहून ठेवावी, म्हणजे त्याहून चांगलं करून देतो म्हणणाऱ्याला निविदेच्या पहिल्याच पाकिटात बाद करता येईल.