मल्टिप्लेअर फँटसी ॲक्शन आरपीजी : गुणदोषांची पारख

तलवार, मंत्र, राक्षस आणि भुयारे यांच्या जगात अनेक खेळाडूंनी एकत्र उतरायचे, आपापले पात्र स्वतःच्या हाताने लढवायचे आणि मिळालेल्या लुटीच्या जोरावर ते वाढवत न्यायचे, अशा गेमना मल्टिप्लेअर फँटसी ॲक्शन आरपीजी (रोल-प्लेइंग गेम, म्हणजे एखादे पात्र होऊन खेळायचा गेम) म्हणतात. यातला ‘ॲक्शन’ हा शब्द महत्त्वाचा आहे. इथे आळीपाळीने चाल खेळायची नसते. वार अंगावर येत असतानाच काय करायचे ते ठरवावे लागते.

अशा गेमची पारख करणे एकट्याने खेळायच्या गेमपेक्षा बरेच अवघड असते. शंभराव्या तासाला हातात असलेला गेम दहाव्या तासाचा राहिलेला नसतो, दोघांनी खेळलेला गेम चौघांत बदलतो आणि पुढचा पॅच, म्हणजे निर्मात्यांनी केलेली दुरुस्ती, आली की दोन्ही बदलतात. शितावरून भाताची परीक्षा करण्याची सवय इथे हमखास दगा देते. त्यामुळे किती तास खेळलो, कितीजण होतो आणि कोणती आवृत्ती होती, या तीन गोष्टी न सांगता दिलेला निकाल अर्धवटच समजावा. शिवाय या प्रकारात गुण आणि दोष बहुधा एकाच गोष्टीची दोन रूपे असतात.

पूर्वपीठिका

पात्राची ताकद आकड्यांत मोजण्याची रीत १९७४ च्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या टेबलावरच्या खेळातून आली. दर वेळी नवे भुयार रचण्याची युक्ती १९८० च्या ‘रोग’ (Rogue) या संगणक गेमने रूढ केली, तर एकाच यंत्रापुढे चौघांनी उभे राहून राक्षसांचे जथे कापण्याची मजा १९८५ मध्ये ‘गॉन्टलेट’ या आर्केड गेमने दाखवली. हे तिन्ही धागे एकत्र आले ते १९९७ च्या सुरुवातीला बाजारात आलेल्या ‘डायब्लो’त. तो आधी आळीपाळीचा गेम म्हणून आखला होता. निर्मितीच्या मध्यावर त्याचे एक निर्माते डेव्हिड ब्रेव्हिक यांनी तो थेट चालणारा केला आणि या प्रकाराची पुढची दिशा तिथेच ठरली. ‘बॅटल डॉट नेट’ या कंपनीच्या ऑनलाइन सेवेवरून चारजण एकत्र खेळू शकत. पात्र मात्र खेळाडूच्याच संगणकात साठवले जाई. तिजोरी घरात म्हटल्यावर हवी ती तलवार ‘बनवून’ आणणाऱ्यांचे फावले. २००० च्या ‘डायब्लो २’मध्ये पात्रे सर्व्हरवर, म्हणजे कंपनीच्या मध्यवर्ती संगणकावर, ठेवण्याची सोय झाली. पुढे या प्रकाराला वेगवेगळे फाटे फुटले: नेमके वार आणि प्रचंड श्वापदे असलेला ‘मॉन्स्टर हंटर’ (२००४), परक्या खेळाडूला जमिनीवरच्या खुणेतून मदतीला बोलावणारा ‘डार्क सोल्स’ (२०११), बिल्डचा, म्हणजे कौशल्ये आणि वस्तू जुळवून पात्र घडवण्याच्या पद्धतींचा, अथांग पसारा मांडणारा ‘पाथ ऑफ एक्झाइल’ (२०१३). या सगळ्यांना एकच फूटपट्टी लावू नये.

हाताला लागणारी लढाई

लढाईची पारख सुरू होते ती हाताला काय जाणवते इथून. बटण दाबल्यापासून वार सुटेपर्यंत किती वेळ जातो, वार लागल्याचे आवाजातून आणि धक्क्यातून कळते का, सुरू केलेला वार मध्येच सोडून उडी मारता येते का. एकट्याने खेळायच्या गेममध्ये एवढे पाहून भागते. मल्टिप्लेअरमध्ये मधे सर्व्हर असतो आणि नेमके तिथेच घोडे पेंड खाते.

एक उदाहरण आकड्यांत पाहू. गेम सेकंदाला ६० फ्रेम दाखवत असेल तर एक फ्रेम सुमारे १६.७ मिलिसेकंदांची. समजा, लोळण घेताना १२ फ्रेम पात्राला इजा होत नाही, म्हणजे बचावाची खिडकी २०० मिलिसेकंदांची. आता सर्व्हरपर्यंत संदेश जाऊन यायलाच (या वेळेला पिंग म्हणतात) १५० मिलिसेकंद लागत असतील, तर पडद्यावर धोक्याची जागा दाखवणाऱ्या लाल वर्तुळाबाहेर पडलेला खेळाडू सर्व्हरच्या हिशेबात अजून आतच असू शकतो. वर्तुळ फुटते, पात्र दोन पावले दूर उभे असते आणि तरीही मरून पडते. हा गेमचा दोष, जोडणीचा की खेळाडूचा? वार लागला की नाही हे ठरवण्याचा अधिकार कुणाकडे आहे, यावर उत्तर अवलंबून असते. अधिकार खेळाडूच्या यंत्राकडे दिला तर लढाई सुरळीत वाटते, पण फसवाफसवीला वाव राहतो. सर्व्हरकडे ठेवला तर न्याय एकसारखा होतो, पण तो उशिरा मिळतो.

‘पाथ ऑफ एक्झाइल’ने दोन्ही बाजू अनुभवल्या आहेत. सुरुवातीच्या काळात खेळाडूचे यंत्र अंदाजाने पुढचे दृश्य दाखवी आणि सर्व्हरशी ते जुळले नाही की पात्र अचानक राक्षसांच्या घोळक्यात सापडे. या ‘डीसिंक’ने कित्येकांची एकदाच जगणारी, म्हणजे हार्डकोअर पात्रे गेली. २०१५ मध्ये लॉकस्टेप नावाचा पर्याय आला. त्यात प्रत्येक हालचालीला सर्व्हरच्या होकाराची वाट पाहिली जाते. पिंग कमी असणाऱ्यांचा प्रश्न मिटला, जास्त असणाऱ्यांना पात्र जड वाटू लागले. तेव्हा लढाईला नावे ठेवण्यापूर्वी आपला पिंग पाहावा आणि तो परीक्षणात नोंदवावा.

दुसरी बाब एकट्याने खेळून कधीच ध्यानात येत नाही: गर्दी. बॉस, म्हणजे मोठा बलाढ्य शत्रू, खांदा मागे घेतो, म्हणजे आता झेप येणार, ही खूण एकट्याला स्वच्छ दिसते. चौघांचे अग्निगोळे, विजा आणि बोलावलेले सांगाडे एकाच जागी कोसळत असले की तो खांदाच दिसत नाही. मेल्यावर ‘मी का मेलो’ हे सांगता येते का, एवढा एकच प्रश्न दर मरणाला विचारून उत्तरे टिपून ठेवली, तरी लढाईच्या दर्जाबद्दल पुष्कळ कळते. उत्तर देता आले तर गेम कठीण आहे, नाही देता आले तर गबाळा.

लूट आणि आकडे

लुटीची परीक्षा करताना बहुतेकांची फसगत संभाव्यतेच्या गणितात होते. एखादी वस्तू १ टक्का शक्यतेने पडते, म्हणजे शंभर बॉस मारले की ती मिळणारच, असे मनाला वाटते. प्रत्यक्षात शंभर वेळा मारूनही शंभरातल्या सुमारे ३७ जणांना ती मिळालेली नसते. ९० टक्के खात्री हवी तर २३० वेळा मारावा लागतो. काही गेम ठरावीक अपयशांनंतर वस्तू देतातच, काही देत नाहीत. ज्याला अकराव्या वेळी मिळाली तो ‘उदार गेम’ असे लिहितो, ज्याला तीनशेव्यांदाही मिळाली नाही तो ‘वेळखाऊ’ म्हणतो. दोघेही आपल्या नशिबाचे परीक्षण लिहीत असतात.

याहून महत्त्वाचे असते ते मिळालेल्या वस्तूने काय बदलते हे. जुन्या कुऱ्हाडीपेक्षा पाच टक्के जड कुऱ्हाड मिळाली तर आकडा हलतो, खेळ तोच राहतो. फेकलेली कुऱ्हाड परत हातात येऊ लागली तर खेळायची पद्धत बदलते. आकड्यांची बेरीज होते की गुणाकार, हेही तपासावे. १०० टक्क्यांच्या दोन वाढी बेरजेत धरल्या तर मूळ वार तिप्पट होतो, गुणाकारात चौपट. दोन-तीन वाढींपर्यंत हा फरक किरकोळ वाटतो. आठ-दहा गुणक जमले की जाणत्याचे पात्र आणि नवख्याचे पात्र एकाच लेव्हलला असूनही एकाच गेममधले वाटेनासे होते. ‘पाथ ऑफ एक्झाइल’च्या कौशल्यवृक्षात (पात्राच्या क्षमता निवडायच्या नकाशात) तेराशेहून अधिक बिंदू आहेत. हा त्याचा सर्वांत मोठा गुण आणि तोच सर्वांत मोठा दोष. खोली हवी असलेल्याला वर्षानुवर्षे पुरते; इतरांना तयार बिल्ड शोधून त्याची नक्कल करावी लागते, आणि नक्कल केल्यावर खोली कुणाची हा प्रश्न उरतो.

लुटीची देवघेव हा स्वतंत्र पेच आहे. २०१२ च्या ‘डायब्लो ३’मध्ये लिलावघर होते, तिथे गेममधल्या सोन्याने आणि खऱ्या पैशांनीही वस्तू विकत घेता येत. कागदावर सोय उत्तम. प्रत्यक्षात राक्षस मारण्यापेक्षा यादी चाळणे फायद्याचे ठरले आणि भुयारात उतरायचे कारणच उरले नाही. निर्मात्यांनी ही चूक मान्य करून १८ मार्च २०१४ रोजी लिलावघर बंद केले. देवघेव पूर्ण बंद केली तरी सगळे सुखी होत नाहीत. मित्राला उपयोगी पडणारी ढाल आपल्याला मिळावी आणि देता येऊ नये, याची चुटपुट वेगळीच. ‘लास्ट एपॉक’ने (पूर्ण आवृत्ती २०२४) यावर बरा तोडगा काढला: एका गटात सामील झाले की व्यापार करता येतो, दुसऱ्यात व्यापारावर मर्यादा येते पण लूट अधिक चांगली पडते. दोन स्वभावांच्या खेळाडूंना दोन दारे दिली, हे या प्रकारात विरळाच.

सोबत

सोबतीने खेळण्याची सोय असणे वेगळे आणि सोबतीला अर्थ असणे वेगळे. ‘डायब्लो २’मध्ये प्रत्येक जादा खेळाडूमागे राक्षसांची जीवनशक्ती मूळच्या ५० टक्क्यांनी वाढते, आठजण असतील तर ती साडेचारपट होते. गंमत अशी की ते आठजण एकत्र लढत असण्याची गरज नाही, त्याच गेममध्ये असले की पुरे. त्यामुळे एकमेकांची तोंडेही न पाहता केवळ हजेरी लावणारी ‘सोबत’ जन्माला आली. जमिनीवर पडलेली लूट आधी उचलेल त्याची, हा नियमही तिथलाच. त्यामुळे बॉस पडताक्षणी कोणाचा हात वेगवान हीच शर्यत लागे. पुढे ‘डायब्लो ३’ने प्रत्येकाला त्याची त्याची लूट दिली. भांडणे थांबली, पण ‘अरे, बघ काय पडलं!’ हा एकत्र ओरडण्याचा क्षणही थोडा फिका झाला.

‘मॉन्स्टर हंटर’मध्ये साधारण नियम असा की सगळ्यांचे मिळून तीनदा पडणे झाले की मोहीम फसते. एक कच्चा गडी चौघांची पाऊण तासाची मेहनत बुडवू शकतो. हा नियम वाईट आहे का? ओळखीच्या चौघांत तो उत्तम आहे, कारण जखमी मित्राकडे धावत जाण्याला त्यामुळेच किंमत येते. अनोळखी लोकांत तोच नियम शिव्याशापांचे मूळ ठरतो.

मदतीला आलेल्याला काय मिळते, हेही पाहावे. ‘एल्डन रिंग’मध्ये (२०२२) पाहुणा बॉस मारून देतो, पण स्वतःच्या जगात परतल्यावर त्याचा बॉस जिवंतच असतो. दोन मित्रांना पूर्ण गेम जोडीने खेळायचा तर तीच लढाई दोनदा करावी लागते. त्याच जगावर बेतलेला ‘नाइटरेन’ मे २०२५ मध्ये आला तेव्हा एकट्याने किंवा तिघांनीच खेळायची सोय होती. दोघांची सोय नंतरच्या पॅचमध्ये आली. तिघांच्या टोळीने लिहिलेले त्या वेळचे कौतुक एखाद्या जोडीच्या काहीच उपयोगाचे नव्हते.

लेव्हलमधले अंतर हा सोबतीचा खरा शत्रू. एकजण आठवड्याला दोन तास खेळतो, दुसरा वीस. महिन्याभरात दोघांना एकत्र लढता येईनासे होते. ‘डायब्लो ४’ने (२०२३) राक्षस प्रत्येकाच्या लेव्हलप्रमाणे जुळवून घेतले, त्यामुळे मैत्री टिकली, पण आपण बलवान झालो ही भावना पातळ झाली, कारण कालचा लांडगा आजही तितकाच चिवट. प्रस्तुत लेखकाला दोन्हींतला पहिला तोटा जास्त मोठा वाटतो: ज्याच्यासाठी गेम घेतला तो मित्रच मागे राहिला तर उरलेल्या गुणांचे काय करायचे?

संवादाची सोय परीक्षणांत एका ओळीत उरकली जाते, ती तशी उरकू नये. २००० साली आलेल्या ‘फँटसी स्टार ऑनलाइन’मध्ये तयार शब्द निवडून वाक्य जुळवता येई आणि समोरच्याला ते त्याच्या भाषेत दिसे. जपानी आणि जर्मन खेळाडू त्यामुळे एकत्र ड्रॅगन मारू शकले.

पैसा

विचारायचा प्रश्न सरळ आहे: पैसे देऊन रूप मिळते, सोय मिळते की ताकद? रूप विकण्याला फारशी हरकत घेतली जात नाही. सोय विकताना गैरसोय मुद्दाम पेरलेली आहे का, हे पाहावे लागते. फुकट गेममधली वस्तू ठेवायची कायम भरलेली पेटी हे त्याचे नेहमीचे रूप. ताकद विकली की सोबत बिघडते. २०२२ च्या ‘डायब्लो इमॉर्टल’वर याच कारणाने टीकेची झोड उठली, पैसे देऊन उघडायच्या नशिबाच्या पेट्यांबद्दलच्या कायद्यांमुळे तो बेल्जियम आणि नेदरलँड्समध्ये आलाच नाही.

परीक्षक आणि त्यांचे आकडे

‘डायब्लो ३’ला परीक्षणांचे गुण एकत्र करणाऱ्या मेटाक्रिटिक या संकेतस्थळावर समीक्षकांचे ८८ गुण मिळाले, तर खेळाडूंनी दिलेले गुण बरेच खाली राहिले. एकट्याने खेळायलाही सर्व्हरची जोडणी सक्तीची होती आणि पहिल्याच रात्री असंख्य खेळाडूंना सर्व्हरवर जागा नसल्याचे सांगणाऱ्या ‘एरर ३७’ या संदेशापुढे तिष्ठत बसावे लागले होते. दोन्ही आकडे प्रामाणिक असू शकतात, ते मोजत होते वेगळे. गेमचे अभ्यासक रिचर्ड बार्टल यांनी १९९६ मध्ये खेळाडूंचे चार स्वभाव मांडले होते: मिळवणारे, शोधणारे, मिसळणारे आणि इतरांवर चालून जाणारे. मूळ मांडणी मजकुरावर चालणाऱ्या जुन्या ऑनलाइन गेमची, म्हणजे मडची, असली तरी परीक्षण वाचताना लिहिणारा या चौघांतला कोण, हे ओळखले की निम्मे मतभेद आपोआप उलगडतात. स्टीम या गेमविक्रीच्या ऑनलाइन दुकानात २०१३ पासून खेळाडूंच्या परीक्षणांशेजारी खेळलेले तास दिसतात आणि २०१६ पासून अलीकडच्या परीक्षणांचा कौल वेगळा दाखवला जातो. एकूण आकड्यापेक्षा हा कौल वाचावा. मात्र सातशे तास खेळून ‘गेम भिकार आहे’ लिहिणाऱ्याचा राग बहुतेकदा शेवटच्या पॅचवर असतो.

गेमचे आयुष्य

बहुतेक गेम आता सीझनवर चालतात: दर तीन-चार महिन्यांनी सगळे शून्यापासून नवे पात्र घेतात आणि बाजार पुन्हा उघडतो. नव्याने येणाऱ्याला यासारखी संधी नाही. पण प्रत्येक सीझनमध्ये तीच मूळ मोहीम पुन्हा रेटावी लागत असेल, तर पहिले पाढे पंचावन्न.

सर्व्हर बंद पडल्यावर काय उरेल, हा प्रश्न गेम चालू असताना कुणाला सुचत नाही. २००७ चा ‘हेलगेट: लंडन’ मोठ्या अपेक्षा घेऊन आला आणि २००९ च्या आरंभी त्याचे पाश्चात्त्य सर्व्हर बंद झाले. एकट्याने खेळायचा भाग तेवढा डिस्कवर राहिला. ‘डायब्लो २’मध्ये कंपनीच्या सर्व्हरशिवाय दोन संगणक थेट जोडता येत. २०२१ मध्ये त्याची देखणी नवी आवृत्ती आली, तेव्हा सुरक्षेचे कारण देऊन ती सोय काढून टाकण्यात आली. एकट्याने ती अजूनही सर्व्हरविना खेळता येते. मित्राबरोबर खेळायला मात्र कंपनीचे दार उघडे असावे लागते.