तणांपासून कंपोस्ट (नागपूर परिसर)

परसबागेत किंवा रिकाम्या भूखंडावर माजणारी उपद्रवी तणे कुजवून त्यांचे खत करण्याची पद्धत. नागपूर परिसरात गाजरगवत (काँग्रेस गवत), टणटणी, बेशरम, हरळी, लव्हाळा आणि तलावांतून काढलेली जलपर्णी यासाठी मिळते. तण कुजायला अवघड नाही. अवघड आहे ते त्याचे बी आणि गाठी मारणे. ते साधले नाही तर खताबरोबर तणच पुन्हा वाफ्यात पेरले जाते.

गाजरगवत फुलोऱ्याआधी, पाऊस पडून जमीन मऊ असताना मुळासकट उपटावे. एका झाडाला हजारो बिया धरतात. या झाडाने अंगाला पुरळ येते आणि परागकणांनी दमाही बळावतो; त्यामुळे हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि तोंडाला रुमाल हवाच. बेशरमच्या ओल्या तुकड्यालाही मुळे फुटतात, म्हणून ती चिरून वाळवूनच घ्यावी.

लव्हाळ्याच्या गाठी आणि हरळीच्या काड्यांना ढिगातली ऊब पुरतेच असे नाही. नागपूरच्या मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास असतो, त्याचा इथे फुकट उपयोग होतो: माती झटकून गच्चीवर पातळ थर दोन आठवडे पसरावा, गाठ पूर्ण सुकून टणक झाली पाहिजे. पावसाळ्यात ऊन नसते, तेव्हा या गाठी आणि काड्या पाण्याच्या ड्रममध्ये दगडाखाली महिनाभर बुडवून ठेवाव्यात. घाण वास सुटतो, तेव्हा ड्रम घरापासून दूर असावा. ड्रमच्या तोंडाला कापड घट्ट बांधावे, नाही तर डासांची सोय होते. ते पाणी दहापट पातळ करून झाडांना घालता येते.

काळ्या मातीत खड्डा करू नये, पावसात तो डबके होतो. ढीग जमिनीवरच रचावा. कूलरचा गंजलेला सांगाडा असेल तर उत्तम. तिन्ही बाजूंच्या जाळीतून हवा खेळते. तळाशी तुकडे केलेली पऱ्हाटी (कपाशीच्या वाळक्या काड्या), त्यावर सहा इंच चिरलेले हिरवे तण, तीन इंच कुटार (मळणीनंतरचा भुसा), तणस (भाताचा पेंढा) किंवा वाळका पाला, मग शेणकाला (एक घमेले शेण, एक बादली पाणी) आणि ओंजळभर माती. असे थर तीन फूट उंचीपर्यंत चढवावेत. लांबी-रुंदीही तीन-तीन फूट हवी. याहून लहान ढीग तापत नाही.

चार-पाच दिवसांनी मध्यभागी खुपसून ठेवलेली लोखंडी सळई बाहेर काढल्यावर हातात धरवत नसेल तर ढीग ठीक चालला आहे. 55 ते 60 अंशांवर काही दिवस राहिले की बहुतेक बिया मरतात, पण फक्त आतल्या. कडेचा माल थंडच राहतो. म्हणून आठवड्याला एकदा, निदान चार वेळा, बाहेरचे आत घालून ढीग पलटावा. हा कंटाळा केला की उरलेले बी उगवतेच. विदर्भात घरोघरी माहीत असलेली नाडेप टाकी (10×6×3 फूट, पुसदचे ना. दे. पांढरीपांडे यांची पद्धत) पलटावी लागत नाही, नेमके म्हणूनच तिच्यात बी धरलेले तण टाकू नये.

मुठीत दाबल्यावर एखाद-दुसरा थेंब सुटेल इतकाच ओलावा असावा. कुजका वास म्हणजे पाणी जास्त, हवा कमी: कुटार मिसळून पलटावे. मुंग्या लागल्या तर ढीग कोरडा पडला आहे. पावसात वरून टिन, उन्हाळ्यात ओले गोणपाट.

जलपर्णीत नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते. ती तीन-चार दिवस कोमेजू द्यावी. सांडपाणी मिसळणाऱ्या तलावातली जलपर्णी जड धातू शोषते, तिचे खत फुलझाडांनाच घालावे. तणनाशक फवारलेले गवत मात्र ढिगात घेऊच नये. 2,4-डी या तणनाशकाचा अंश टोमॅटोची पाने वाकडी करतो.

साधारण तीन ते चार महिन्यांत खत भुरभुरीत, काळपट होते. गाजरगवतातील पार्थेनिन हे विषारी द्रव्य बी रुजण्यात अडथळा आणते, त्यामुळे त्याचे खत आणखी महिनाभर मुरवावे. मग कुंडीत निम्मी माती, निम्मे खत घालून मेथी पेरावी. साध्या मातीतल्या मेथीइतकी ती उगवली तरच खत वाफ्यात घालावे.