चवीपुरतं सोडियम

'पीएम सूर्यघर' योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली, तेव्हापासून छतावरच्या सोलरची चर्चा घरोघरी चालू आहे. किती किलोवॉट बसवायचे, सबसिडी किती, बिल किती उतरेल, सगळं विचारलं जातं. ज्याचं छप्परच पत्र्याचं आहे, त्याची अडचण मात्र वेगळी असते. काच आणि ॲल्युमिनियमची चौकट धरून एक पॅनेल वीस किलोच्या पुढे जातं. अशी दहा-बारा पॅनेलं जुन्या शेडला पेलतीलच असं नाही. गुंडाळून नेता येईल आणि पत्र्यावर सरळ चिकटवता येईल असा सोलर सेल बनवायचा, या ध्यासापायी अयोध्या नाथ तिवारी या भारतीय भौतिकशास्त्रज्ञाने स्वित्झर्लंडमध्ये दोन दशकांहून अधिक काळ घालवला. त्या कामातला मला सर्वांत आवडलेला भाग आहे सोडियमचा.

तिवारींची पीएचडी आयआयटी दिल्लीची. कस्तुरीलाल चोप्रांनी तिथे पातळ थरांच्या, म्हणजे थिन फिल्मच्या संशोधनाची मोठी परंपरा उभी केली होती. पुढे तिवारी झुरिकच्या ईटीएच या तंत्रविद्यापीठात गेले आणि २००९ मध्ये आपल्या गटासह जवळच्याच ड्युबेनडॉर्फमधल्या 'एम्पा' या पदार्थ-संशोधन संस्थेत आले. 'फ्लिसोम' ही कंपनीही त्यांच्या गटाच्या कामातूनच निघाली.

आता थर पातळ का, ते पाहू. सिलिकॉनमध्ये इलेक्ट्रॉनला वरच्या पातळीवर ढकलायला नुसता फोटॉन, म्हणजे प्रकाशकण, पुरत नाही, स्फटिकाच्या कंपनाचीही साथ लागते. असा योग क्वचित जुळतो. म्हणून प्रकाश पुरता शोषायला सिलिकॉनचा काप दीडशे मायक्रोमीटरच्या आसपास जाड ठेवावा लागतो. तांबं, इंडियम, गॅलियम आणि सेलेनियम यांच्या संयुगाला, म्हणजे सीआयजीएसला, कंपनाची गरज नसते. त्याचा दोन मायक्रोमीटरचा थर पुरतो. इतका पातळ थर लवचीक प्लॅस्टिकवरही बसवता येतो. पण एक अडचण आहे. हा थर वाढवायला काचेवर साडेपाचशे अंश सेल्सियसच्या आसपास तापमान वापरतात, आणि पॉलिइमाइड हे चिवट प्लॅस्टिक साडेचारशेच्या वर तग धरत नाही.

दुसरी अडचण १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला लक्षात आली. स्वीडन आणि जर्मनीतल्या संशोधकांना दिसलं की खिडकीला लावतात तसल्या साध्या काचेवर बनवलेले सीआयजीएस सेल, सोडियम नसलेल्या महागड्या काचेवरच्या सेलपेक्षा सरस ठरतात. आपण शिकतो ते याच्या उलट. अर्धवाहक जितका शुद्ध तितका चांगला. चिपच्या कारखान्यात तर सोडियम कुप्रसिद्ध आहे. त्याचे आयन ऑक्साइडच्या थरात इकडून तिकडे सरकतात आणि ट्रान्झिस्टरचं वागणं बिघडवतात. साध्या काचेत मात्र सोडियम ऑक्साइड १३-१४ टक्के असतं. काच तापली की त्यातलं थोडं सोडियम, काच आणि सीआयजीएस यांच्यामध्ये वीज वाहून नेण्यासाठी दिलेल्या मॉलिब्डेनम धातूच्या थरातून झिरपत वरच्या सीआयजीएसमध्ये पोचतं. तेही किती, तर साधारण हजार अणूंत एक. अगदी चवीपुरतं.

एवढंसं सोडियम करतं काय? सीआयजीएसमध्ये तांबं मुद्दाम थोडं कमी ठेवतात, त्यामुळे स्फटिकात तांब्याच्या काही जागा रिकाम्या राहतात. अशी प्रत्येक रिकामी जागा एक इलेक्ट्रॉन धरून ठेवते, म्हणजेच एक धन 'होल' मोकळा सोडते. सेल चालायला हे होल हवेच असतात. पण काही रिकाम्या जागी इंडियमचा अणू जाऊन बसतो, तो उलट इलेक्ट्रॉन देतो आणि कमावलेले होल गमावले जातात. बऱ्याच जणांना पटणारं स्पष्टीकरण असं: थर गरम असताना सोडियम तांब्याच्या जागा अडवून बसतं, इंडियमला तिथे शिरू देत नाही. थर निवू लागला की ते बाहेर पडून स्फटिककणांच्या सीमांकडे जातं आणि मागे जागा रिकाम्या सोडतं. होल वाढतात, सेलचं व्होल्टेज चढतं. सीमांवर जमलेलं सोडियम तिथले दोषही निष्प्रभ करतं. यातल्या कोणत्या परिणामाचा वाटा किती, यावर संशोधकांत अजून मतभेद आहेत.

प्लॅस्टिकमध्ये सोडियम नसतंच. म्हणजे ते बाहेरून घालावं लागणार. कधी? थर वाढत असतानाच घातलं, तर कमी तापमानात ते मूलद्रव्यांच्या सरमिसळीला अडथळा करतं आणि कण बारीक राहतात. तिवारींच्या गटाने थर आधी पूर्ण वाढू दिला, मग निर्वातातच त्यावर सोडियम फ्लोराइडचा काही नॅनोमीटरचा लेप चढवला आणि तो गरम ठेवून आत मुरू दिला. डाळ शिजल्यावर मीठ घालावं, तसं. प्लॅस्टिकवरच्या सेलची कार्यक्षमता, म्हणजे पडलेल्या प्रकाशाचा जितका भाग वीज होतो तो, १९९९ मध्ये १२.८ टक्के होती, २००५ मध्ये १४.१, २०१० मध्ये १७.६ आणि २०११ मध्ये १८.७ झाली. यात गॅलियमचं प्रमाण थरात खालीवर बदलत ठेवण्याचाही मोठा हात होता.

मग पोटॅशियम आलं. सोडियमनंतर पोटॅशियम फ्लोराइड दिलं, तर थराच्या पृष्ठभागावरचं तांबं आणि गॅलियम कमी होतं. त्या जागी कॅडमियम सहज शिरतं आणि सीआयजीएसवर जोडीला दिलेला कॅडमियम सल्फाइडचा थर आणखी पातळ ठेवता येतो. हा पिवळा थर निळा प्रकाश वाया घालवतो, म्हणून तो जितका पातळ तितका फायदा. यातूनच २०१३ मध्ये २०.४ टक्के आले.

हा पिवळा थर महागड्या निर्वात यंत्रात नव्हे, रासायनिक बाथमध्ये बनवतात. कॅडमियमचा क्षार, अमोनिया आणि थायोयुरिया पाण्यात मिसळून बीकर गरम करायचा. बराच वेळ काहीच दिसत नाही, अमोनियाचा वास तेवढा नाकात जातो. मग रंगहीन द्रावण फिकट पिवळं होतं आणि थोड्याच वेळात गडद. त्यात बुडवलेली काच वेळेवर बाहेर काढली नाही तर थर जाड होतो, वर भुकटी बसते. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात अशा रासायनिक पद्धतींनी थर बनवण्याचं काम कित्येक वर्षं चाललं आहे आणि त्यांचे शोधनिबंध जगभर संदर्भासाठी वापरले जातात. आपल्या वर्तमानपत्रांत याची दखल फारशी येत नाही, याचं मला वाईट वाटतं.

बातम्या येतात त्या 'सौरऊर्जेत क्रांती' अशा मथळ्यांच्या. एम्पाचा लवचीक सेल २०२२ मध्ये २२.२ टक्क्यांवर पोचला, हे खरं आणि मोठं यश आहे. पण असा विक्रमी सेल एक चौरस सेंटिमीटरही भरत नाही. मोठ्या पॅनेलची कार्यक्षमता त्याहून कमी येते. शिवाय सिलिकॉन इतकं स्वस्त झालं की जपानच्या 'सोलर फ्रंटियर'सारख्या सीआयजीएसच्या बड्या उत्पादकानेही हे उत्पादन थांबवायचं ठरवलं. विक्रमाच्या बातमीवर विसंबून छतावरचं सोलर पुढे ढकलू नका.

सीआयजीएसचं काम मात्र थांबलेलं नाही. थरात थोडी चांदी मिसळली की तो आणखी कमी तापमानात नीट वाढतो, हे आता दिसलं आहे. खाली सीआयजीएस आणि वर पेरोव्स्काइट हा दुसरा प्रकाश शोषणारा पदार्थ असा दुहेरी लवचीक सेल बनवायचे प्रयत्न चालू आहेत. वरचा थर निळा-हिरवा प्रकाश घेतो, खालचा तांबडा आणि अवरक्त. खालच्या थराला सोडियम अजूनही लागतंच, आणि आता त्याच्या जोडीला त्याच्याच कुळातलं रुबिडियमही देतात.