महानगर नियोजन समिती

दहा लाख किंवा अधिक लोकवस्तीच्या, दोन किंवा अधिक नगरपालिका वा पंचायती सामावणाऱ्या महानगर क्षेत्राच्या विकास आराखड्याचा मसुदा तयार करणारी घटनात्मक समिती. संविधानाच्या अनुच्छेद २४३ यङ अन्वये तिची तरतूद आहे.

कल्पनेचा उगम वादाचा आहे. चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय नागरीकरण आयोगाच्या १९८८ च्या अहवालाकडे काही अभ्यासक बोट दाखवतात. दुसरे मत तिला आधीच्या प्रादेशिक नियोजनाशी जोडते. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ खाली मुंबई प्रदेशासाठी १९६७ मध्ये नियोजन मंडळ नेमले गेले आणि त्याची प्रादेशिक योजना १९७३ मध्ये मंजूर झाली. हे मत अधिक पटण्याजोगे आहे. मात्र लोकनियुक्त सदस्यांचे बहुमत त्या अधिनियमाने बंधनकारक केले नव्हते, आणि नव्या समितीचे वेगळेपण नेमके तिथेच आहे.

नागरी स्थानिक संस्थांना घटनात्मक दर्जा देणारे ६५ वे घटनादुरुस्ती विधेयक लोकसभेत संमत झाले, पण ऑक्टोबर १९८९ मध्ये राज्यसभेत आवश्यक दोन-तृतीयांश बहुमताला थोडक्या मतांनी मुकले. पुढे ही समिती संविधानात आणणारी ७४ वी घटनादुरुस्ती डिसेंबर १९९२ मध्ये दोन्ही सभागृहांत संमत झाली व १ जून १९९३ पासून अंमलात आली.

समितीचे किमान दोन-तृतीयांश सदस्य क्षेत्रातील नगरपालिकांचे निर्वाचित सदस्य व पंचायतींचे अध्यक्ष आपल्यातून निवडतात. नगरपालिका व पंचायती यांच्यातील जागांची वाटणी त्यांच्या लोकसंख्येच्या प्रमाणात होते. आराखडा करताना स्थानिक संस्थांच्या योजना, पाण्याची वाटणी, पायाभूत सोयी व पर्यावरण यांचा विचार करावा लागतो. तयार मसुदा अध्यक्ष राज्य सरकारकडे पाठवतात. तो स्वीकारलाच पाहिजे असे संविधान म्हणत नाही. नागरिकांच्या थेट सुनावणीचीही तरतूद या अनुच्छेदात नाही, ही त्याची गंभीर उणीव होय. हरकती व सूचनांचा हक्क राज्याच्या नगररचना कायद्यातून येतो. १९६६ च्या अधिनियमात प्रादेशिक योजनेच्या मसुद्यावर हरकतींसाठी किमान चार महिने दिलेले आहेत. मुंबई महानगर प्रदेशाच्या २०१६ मधील मसुद्यावर वसई परिसरातून तीव्र विरोध झाला तो याच वाटेने. ही योजना २०२१ मध्ये मंजूर झाली.

पश्चिम बंगालने १९९४ मध्ये अधिनियम केला व पुढे कोलकात्यासाठी समिती नेमली. महाराष्ट्राचा अधिनियम १९९९ चा आहे. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण १९७५ पासूनच कार्यरत होते, त्यामुळे नव्या समितीला तयार यंत्रणा व तज्ज्ञ मनुष्यबळ या प्राधिकरणाकडेच शोधावे लागले.

स्थानिक निवडणुका लांबल्यास समितीचा पायाच खचतो. मुंबई महापालिकेचा कारभार मार्च २०२२ मध्ये प्रशासकाकडे गेला. तेव्हापासून नव्या निवडणुकीपर्यंत, म्हणजे जानेवारी २०२६ पर्यंत, समितीवर सदस्य निवडून देणारे नगरसेवकच मुंबईत नव्हते.